भिंतीस भिंत : लंडनच्या रांगेतील घरांची हकीकत

लंडन शहराचें नांव निघालें म्हणजे पार्लमेंटचें घड्याळ, टॉवरचा किल्ला, थेम्सवरील पूल अशीं चार-सहा चित्रें आमच्याकडील सुशिक्षित माणसाच्या डोळ्यांपुढें उभीं राहतात. प्रवासवर्णनकारांनीं हीं चित्रें इतकीं गिरवून ठेविलीं आहेत कीं त्यांवर आणखी शाई खर्च करण्याचें कारण उरलेलें नाहीं. परंतु लंडन हें खरोखरी ह्या वास्तूंचें शहर नव्हे. तें मैलोगणती पसरलेल्या, एकमेकांस चिकटून उभ्या असलेल्या आणि दिसण्यांत बहुतेक सारख्या अशा बिऱ्हाडांच्या घरांचें शहर आहे. राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दींत, म्हणजे १८३७ ते १९०१ ह्या चौसष्ट वर्षांत, शहराभोंवतालचीं शेतें, गवताचीं कुरणें आणि भाजीचे मळे गिळून हीं घरें पुढें सरकत गेलीं. दक्षिणेकडील कॅम्बरवेल ह्या एकाच उपनगराचा दाखला पुरे आहे. तेथें १८०१ सालीं सुमारें ७ हजार वस्ती होती. १९०१ सालीं ती अडीच लाखांवर गेली.

ह्या माणसांना घरें कोणीं बांधून दिलीं, कोणाच्या जमिनीवर आणि कोणत्या अटींवर, हा विषय वरवर पाहतां रुक्ष वाटेल. पण आमच्याकडील तीन थोर पुरुषांचें लंडनमधील वास्तव्य व्हिक्टोरियाकालीन उपनगरांतील अशाच घरांत झालें आहे. आणि त्यांपैकीं एका घरासाठीं महाराष्ट्र सरकारास अगदीं अलीकडे तेथील नगरपालिकेशीं झगडावें लागलें. तो झगडा नीट समजावयाचा तर घराच्या पायापासून सुरुवात केली पाहिजे.

प्रथम एका शब्दाचा उलगडा करूं. टेरेस म्हटलें कीं आमच्या घरांतील बायकांस पापड-कुरडया वाळत घालण्याची गच्ची आठवते. इंग्रजांच्या टेरेसला गच्चीच नसते. एकाच आराखड्यावर, एका ओळींत, भिंतीस भिंत लावून बांधलेल्या घरांच्या रांगेस ते टेरेस म्हणतात. सबंध रांग समोरून एखाद्या प्रशस्त वाड्यासारखी दिसावी ही मूळची हौस अठराव्या शतकांतील बड्या लोकांची. पुढें एकोणिसाव्या शतकांत तीच रांग वकील, व्यापारी, कारकून अशा पायऱ्या उतरत शेवटीं कारागिराच्या दोन खोल्यांच्या घरापर्यंत येऊन पोंचली. खालीं येतां येतां रुंदी घटली, मजले घटले, नक्षी घटली. रांग मात्र सुटली नाहीं.

ह्या सर्व पसाऱ्यांतून आम्ही एकच वसाहत निवडतों : रीजंट्स पार्कच्या उत्तरेस, प्रिमरोझ हिल नांवाच्या टेकडीच्या पलीकडे असलेली चॅल्कट्सची जमीन. तिच्यावरील रस्त्यांपैकीं एकाचें नांव किंग हेन्रीज रोड असें आहे. हा हेन्री म्हणजे इंग्लंडचा राजा सहावा हेन्री. त्यानें १४४० सालीं ईटन येथील प्रसिद्ध विद्यालय स्थापिलें आणि त्याच्या खर्चासाठीं ज्या जमिनी लावून दिल्या त्यांत ही जमीन होती. आमच्याकडे देवस्थानास इनाम गांव असावें, तसाच हा प्रकार. चारशें वर्षें विद्यालयास ह्या जमिनीपासून एखाद्या साध्या शेताइतकेंच उत्पन्न येत होतें. तिच्या नांवाचा लोकांच्या तोंडीं अपभ्रंश होऊन चॉक फार्म असें रूप झालें, आणि तें आज भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनास चिकटलेलें आहे. वसाहतींतील इतर रस्त्यांचीं नांवें वाचलीं तरी मालक कोण हें कळतें. प्रोव्होस्ट म्हणजे ईटनचा मुख्य अधिकारी, फेलो म्हणजे तेथील सभासद, ऑपिडन म्हणजे शिष्यवृत्तीवांचून शिकणारा विद्यार्थी; आणि ईटन ॲव्हेन्यू तर उघडच आहे. शाळेचा सबंध हजेरीपट रस्त्यांच्या कोपऱ्यांवर टांगून ठेवावा तसा हा थाट.

लंडन वाढत वाढत शेताच्या बांधापर्यंत आलें तेव्हां विद्यालयाच्या चालकांनीं १८२६ सालीं पार्लमेंटकडून खास कायदा करून घेतला. नव्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यानें ही जमीन घरबांधणीसाठीं देण्याची मुभा त्यानें मिळाली. थोड्याच दिवसांनीं लंडन-बर्मिंगहॅम आगगाडीचा मार्ग नेमका ह्याच जमिनींतून जावयाचा ठरला. चालक मंडळी प्रथम बिथरलीं. मग सौदा असा ठरला कीं गाडीनें भुयारांतून जावें, भुयार असें मजबूत असावें कीं त्याच्या डोक्यावर घरें बांधतां यावीं, आणि त्याचें तोंड शोभिवंत असावें. त्याप्रमाणें १८३७ सालीं दगडी कमान व कोरीव काम असलेलें भुयार तयार झालें. जमिनीच्या मालकाचा शब्द तेथें किती चालत असे ह्याची तें आजहि साक्ष देतें. टेकडीचा माथा मात्र वांचला. १८४२ सालीं विद्यालयानें तो सरकारच्या ताब्यांत दिला व मोबदल्यांत दुसरी जमीन घेतली. तेव्हांपासून ती टेकडी सर्वांस मोकळी आहे. तेवढा अदलाबदलीचा कागद झाला नसता तर आज तिच्यावरहि विटा चढलेल्या दिसल्या असत्या असें आम्हांस वाटतें.

आतां त्या नव्याण्णव वर्षांच्या पट्ट्याचा व्यवहार पाहूं. सर्व किल्ली तेथें आहे. जमिनीचा मालक स्वतः घर बांधीत नसे. तो बांधणाऱ्यास जमीन पट्ट्यानें देई आणि वर्षाकांठीं भुईभाडें घेई. घरें उभीं राहीपर्यंत त्या बिचाऱ्यानें पैसे कोठून आणावे, म्हणून पहिलें एखाद-दुसरें वर्ष भाडें म्हणून केवळ मिरीचा एक दाणा ठरविण्याची चाल होती. कागदोपत्रीं कांहीं तरी मोबदला दिसला पाहिजे, एवढाच त्या दाण्याचा उपयोग. बांधणाऱ्यानें उसनवारीनें पैसा उभारून घर उठवावयाचें, पट्टा दुसऱ्यास विकावयाचा, त्या दुसऱ्यानें तें कुटुंबास भाड्यानें द्यावयाचें. पहिल्या महायुद्धापूर्वीं इंग्लंडांतील दहा घरांपैकीं सुमारें नऊ घरांत राहणारीं कुटुंबें भाडेकरी होतीं. आणि नव्याण्णव वर्षें भरलीं कीं भिंती, छप्पर, जिना, दारें-खिडक्या ह्यांसकट सर्व कांहीं जमिनीच्या मालकाकडे बिनबोभाट परत! ज्यानें बांधलें त्याचें घर नाहीं, जो राहतो त्याचें घर नाहीं, आणि ज्याचें घर त्यानें त्यांत एक वीटहि लावलेली नाहीं.

बांधणारे तरी कोण? मोठमोठ्या कंपन्या असतील अशी आपली कल्पना असते. ती खरी नव्हे. एच. जे. डायोस ह्या इतिहासकारानें कॅम्बरवेलच्या वाढीवर १९६१ सालीं एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यानें जुनीं दप्तरें चाळून असें दाखविलें कीं १८७८ ते १८८० ह्या तीन वर्षांत तेथें चारशेंहून अधिक बांधणारे काम करीत होते, आणि त्यांतील निम्म्याहून अधिक जणांनीं प्रत्येकीं सहा किंवा त्याहून कमी घरें बांधलीं. म्हणजे हा धंदा सुतार, गवंडी, नळ बसविणारे अशा लहान माणसांचा. पुष्कळांचें दिवाळें निघे. रांग चालतां चालतां एकाएकीं विटेचा रंग बदलतो, किंवा खिडकीवरील नक्षी तीन घरांपुरतीच वेगळी दिसते, तेथें एक बांधणारा संपून दुसरा सुरू झाला असें खुशाल समजावें. चॅल्कट्सवर मात्र सॅम्युएल कमिंग ह्या एकाच माणसाच्या हातून १८४० नंतरच्या काळांत पुष्कळ मोठें काम झालें.

पट्ट्यांत अटी असत, आणि त्या आमच्या कथेच्या दृष्टीनें महत्त्वाच्या आहेत. घर अमुक किंमतीहून स्वस्त बांधूं नये, रंग अमुक वर्षांनीं द्यावा, आणि मुख्य म्हणजे घराचा उपयोग खासगी राहण्याखेरीज दुसऱ्या कशासाठीं करूं नये. दुकान नको, शाळा नको, कारखाना नको. जमीनदाराचा हेतु सौंदर्याचा नव्हता. नव्याण्णव वर्षांनीं परत यावयाचें घर चांगल्या वस्तींतच असावें, म्हणजे त्याची किंमत टिकेल, हा सरळ हिशेब होता. रस्त्यांत एक खाणावळ निघाली कीं शेजारचा डॉक्टर निघून जाईल, डॉक्टर गेला कीं भाडें उतरेल, असें भय त्यांस नेहमीं वाटे.

घराच्या अंगाविषयीं सांगावयाचें तर सर्वांत अगोदर वीट. लंडनची जुनी वीट पिवळसर असते. मातीमध्यें खडू आणि चाळलेली राख कालवून ती भाजीत. ही राख कोठली? शहरांतील घरोघरच्या चुलींची. कचऱ्याचे ठेकेदार ती गोळा करून ढीग घालीत, बारीक राख विटेच्या मातींत आणि जाड निखारे भट्टींत जाळावयास विकीत. अशाच ढिगांच्या संपत्तीभोंवतीं डिकन्सनें ‘अवर म्युच्युअल फ्रेंड’ ही आपली कादंबरी गुंफली आहे. तेव्हां लंडनचें नवें घर हें एका अर्थानें जुन्या घरांच्या राखेंतूनच उभें राहत होतें. पुढें त्याच घरांच्या धुराड्यांतून निघालेल्या काजळीनें ती पिवळी वीट काळी ठिक्कर पडली. १९५६ सालीं धुरावर निर्बंध घालणारा कायदा झाला आणि मग कोठें भिंती घासून धुण्यांत अर्थ राहिला. आज दिसणारा मधासारखा रंग त्यानंतर उघडा पडलेला आहे.

दोन घरांमधली भिंत सामाईक. १६६६ च्या प्रचंड आगीनंतर लंडन शहरांत विटेचीं घरें आणि सामाईक भिंती ह्यांचा कायदा १६६७ सालीं झाला. १७७४ च्या कायद्यानें घरांचे किंमत व क्षेत्रफळ ह्यांवरून चार वर्ग पाडून प्रत्येकाच्या भिंतीची जाडी ठरविली. ही भिंत छपराच्याहि वर थोडी काढीत, म्हणजे एका घराची आग दुसऱ्याच्या वाशांस लागूं नये. वर पाहिलें तर प्रत्येक दोन घरांच्या मध्यें हा बांध आणि त्यावर धुराड्यांची रांग दिसते. आग अडविण्यास ही भिंत समर्थ खरी. आवाज अडविण्याविषयीं कायद्यानें कांहीं म्हटलें नव्हतें. एक-दीड विटेच्या पलीकडे शेजारणीचा पियानो, शेजाऱ्याचा खोकला, मुलाचें रडणें सर्व ऐकूं येतें, आणि न ऐकल्यासारखें करण्याची कला तेथील लोकांनीं पिढ्यान् पिढ्या जोपासली आहे.

खिडक्यांचाहि एक इतिहास आहे. इंग्लंडांत खिडक्यांवर कर होता, कांचेवर जकात होती, विटेवरहि होती. १८४५, १८५० आणि १८५१ ह्या सालांत अनुक्रमें कांचेची जकात, विटेची जकात व खिडक्यांचा कर रद्द झाले. त्यानंतर लहान लहान चौकटींच्या जागीं मोठीं तावदानें आलीं आणि दर्शनी भिंतींतून पुढें डोकावणारी तिपेडी खिडकी लोकप्रिय झाली. त्या खिडकींत बसलें म्हणजे रस्त्याच्या दोन्ही टोंकांस कोण येतें-जातें तें पडद्याआडून दिसतें. आमच्याकडील माडीच्या खिडकीचें कार्य वेगळें होतें असें कोणी म्हणणार नाहीं.

आंतील मांडणी मात्र आमच्या वाचकांनीं बारकाईनें पहावी. मध्यमवर्गाचें बरें घर म्हणजे अठरा-वीस फूट रुंद आणि चार मजले उंच. रस्त्याच्या पातळीखालीं तळघर. त्याच्यापुढें प्रकाश यावा म्हणून खणलेला चर आणि कोणी पडूं नये म्हणून लोखंडी गज. स्वयंपाकघर ह्या तळघरांत, मागें मोरी. फरसबंदींत एक लहानसें वाटोळें भोंक आणि त्यावर ओतीव लोखंडाचें नक्षीदार झांकण असतें. कोळसेवाला घरांत न येतां वरूनच पोतीं रिकामीं करी आणि कोळसा खालच्या कोठारांत पडे. असलीं झांकणें अजून जागोजाग पायांखालीं येतात. दर्शनी दारांतून आंत गेलें कीं अरुंद बोळ व जिना, बाजूस पुढची व मागची बैठक. वरच्या मजल्यावर दिवाणखाना, त्याच्यावर निजावयाच्या खोल्या, आणि अगदीं माथ्यावर, छपराखालीं, मोलकरणींची खोली. सकाळीं उठून माथ्यावरून तळघरांत यावयाचें, चूल पेटवावयाची, प्रत्येक खोलींत कोळसा आणि गरम पाणी चढवावयाचें, राख उतरवावयाची, आणि रात्रीं पुन्हां माथ्यावर जावयाचें! घर उभें असल्यामुळें सर्व ओझें जिन्यावरून. त्या काळच्या कादंबऱ्यांतून मालकिणीच्या मनाचे सूक्ष्म पापुद्रे उलगडून दाखविलेले असतात. त्या मुलीच्या गुडघ्यांची वास्तपुस्त करणारा लेखक विरळाच.

रॉबर्ट केर ह्या वास्तुविशारदानें १८६४ सालीं सद्गृहस्थाच्या घराविषयीं एक जाडा ग्रंथ लिहिला. त्यांत त्यानें एकांतास, म्हणजे कुटुंबाचें जीवन नोकरांच्या दृष्टीस पडूं नये व नोकरांचें कुटुंबाच्या, ह्या तत्त्वास अग्रस्थान दिलें. त्याच्यासमोर मोठमोठीं घरें होतीं. परंतु रांगेतील लहान घरानेंहि आपल्या ऐपतीप्रमाणें तोच कित्ता गिरविला. नवरा, बायको, मुलें आणि गडीमाणसें ह्यांपलीकडे ह्या घरांत कोणाची जागाच आंखलेली नाहीं. थोरला भाऊ, धाकटी जाऊ, विधवा आत्या, शिक्षणासाठीं आलेला भाचा ह्यांनीं कोठें रहावें? उत्तर असें कीं त्यांनीं रांगेतील दुसरें घर भाड्यानें घ्यावें. मुलाचें लग्न झालें कीं त्याचें दार वेगळें. आमच्याकडे चुली वेगळ्या झाल्या तरी चौक एक राहत असे. तेथें भिंत एक राहिली आणि चौक कधींच नव्हता. ह्यांत कोणतें चांगलें हा वाद आम्ही येथें काढीत नाहीं. सासूच्या धाकांत दिवस काढलेल्या आमच्या भगिनी कदाचित् त्या वेगळ्या दाराच्या बाजूनें कौल देतील, आणि त्यांस दोष देण्याचें धाडस आम्हांस होणार नाहीं.

असो. एका कुटुंबासाठीं, गडीमाणसांच्या भरंवशावर बांधलेलें हें घर शंभर वर्षें तसेंच राहील असा जमीनदारांचा अंदाज होता. तो पन्नास वर्षांतच ढासळूं लागला. आगगाड्या व ट्राम दूरवर गेल्या, तशीं सधन कुटुंबें बाग असलेल्या आणखी बाहेरच्या उपनगरांत निघून गेलीं. पहिल्या महायुद्धांत मुली कारखान्यांत व कचेऱ्यांत गेल्या आणि माथ्यावरच्या खोलींत रहावयास कोणी मिळेना. चार मजले चढ-उतार करण्यास माणूस नाहीं, तर घर चालावें कसें? मग एकेक मजला, एकेक खोली भाड्यानें जाऊं लागली. पट्ट्यांतील अटी कागदावर राहिल्या आणि दारावर खोल्यांची पाटी लागली.

आमच्या लोकांचा ह्या घरांत प्रवेश झाला तो बहुतेक अशा फटींतून. हिंदी विद्यार्थ्यास लंडनमध्यें जागा मिळण्याची अडचण जुनी आहे. पत्र लिहून ठरविलेली खोली, प्रत्यक्ष चेहरा दिसतांच, नुकतीच दुसऱ्यास दिली गेलेली असावयाची, हा अनुभव इतका सार्वत्रिक होता कीं त्याचा डांगोरा पिटण्याचेंहि कोणास सुचत नसे. श्यामजी कृष्णवर्मा ह्यांनीं १९०५ सालीं हायगेट भागांतील ६५, क्रॉमवेल ॲव्हेन्यू ह्या घरांत इंडिया हाऊस हें वसतिगृह काढलें, त्याच्या मुळाशीं राजकारण होतेंच. पण आपल्या मुलांनीं दारोदार हिंडूं नये ही निकडहि होती. स्वातंत्र्यवीर सावरकर १९०६ सालीं तेथें रहावयास गेले. चांगल्या वस्तींतील त्या घरांत पुढें काय काय शिजलें तें आमच्या वाचकांस ठाऊक आहे. लोकमान्य टिळक चिरोलवरील खटल्यासाठीं १९१८ च्या अखेरीस गेले ते पॅडिंग्टनच्या बाजूस १०, हाउली प्लेस येथें राहिले. ती जमीन लंडनच्या बिशपच्या मिळकतीची. हाउली हें एका बिशपचेंच नांव. म्हणजे धर्मपीठाच्या भुईवर लोकमान्यांचें बिऱ्हाड! तेथें १९६१ सालीं त्यांच्या नांवाची निळी पाटी लागली.

आणि १९२० सालीं दुसऱ्यांदा लंडनला आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२१-२२ ह्या काळांत १०, किंग हेन्रीज रोड येथें राहिले. अर्थशास्त्राच्या विद्यालयांत एम्. एस्सी.ची पदवी त्यांनीं १९२१ सालीं मिळविली; रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधास १९२३ सालीं डी. एस्सी. मिळाली, बॅरिस्टरीचाहि अभ्यास चालूच होता. ज्यांस स्वदेशांत, बडोद्यास नोकरीनिमित्त गेले असतां, १९१७ सालीं जातीमुळें रहावयास जागा मिळाली नाहीं आणि पारशी खाणावळींत नांव बदलून घेतलेली खोलीहि सोडावी लागली, त्यांस परक्या शहरांत, एका राजाच्या नांवाच्या रस्त्यावर, सद्गृहस्थांसाठीं बांधलेल्या घरांत पथारी पसरतां आली. इंग्रज घरमालक उदार होते असा ह्याचा अर्थ आम्ही करीत नाहीं. वर्णावरून खोली नाकारणें हें इंग्लंडांत १९६८ च्या कायद्यापर्यंत गुन्हा नव्हतें. पण बडोद्याच्या गोष्टींत दोष कोणाच्या पदरीं पडतो, हें आमच्यासारख्या पांढरपेशा घरांनीं विसरण्याजोगें नाहीं.

नव्याण्णव वर्षें अखेर भरलीं. चॅल्कट्सवरील पट्टे दुसऱ्या महायुद्धानंतर एकामागून एक संपूं लागले तेव्हां जीर्ण झालेलीं मोठमोठीं घरें ईटनच्या ताब्यांत परत आलीं, आणि १९६० नंतर ॲडलेड रोडवरील रांगाच्या रांगा पाडण्यांत आल्या. त्या जागेवर नगरपालिकेनें पांच गगनचुंबी इमारती उठविल्या. त्यांसहि ईटनच्या परिसरांतील टॅपलो, बर्नहॅम, ब्रे, डॉर्नी अशा गांवांचीं नांवें दिलीं. जून २०१७ मध्यें ग्रेनफेल टॉवरच्या आगींत ७२ माणसें दगावलीं. तसलेंच धोकादायक आच्छादन ह्या इमारतींच्या भिंतींसहि असल्याचें आढळून आलें, आणि अवघ्या कांहीं दिवसांनीं, एका रात्रींत, शेंकडों कुटुंबांस तेथून बाहेर पडावें लागलें. १६६७ च्या कायद्यानें आगीसाठीं घातलेल्या विटेच्या बांधाची आठवण त्या रात्रीं कोणास झाली असेल तर नवल नाहीं.

जुन्या रांगा जेथें वांचल्या तेथें मात्र त्यांचें भाग्य पालटलें. १९५८ सालीं व्हिक्टोरियाकालीन वास्तूंच्या रक्षणार्थ एक संस्था निघाली. १९६७ सालीं एका कायद्यानें पट्टेदारास जमीन विकत घेण्याचा हक्क मिळाला आणि दुसऱ्यानें सबंध मोहल्ले संरक्षित ठरविण्याची सोय झाली. खोल्या खोल्यांनीं दिलेलीं घरें पुन्हां सबंध झालीं, धुतलीं गेलीं, रंगलीं. गडीमाणसांचें तळघर हें आतां घरांतील सर्वांत ऐटबाज स्वयंपाकघर असतें. किंमती अशा चढल्या कीं ज्या घरांत एके काळीं गरीब विद्यार्थी राहत, त्यांच्या वाटेस आज पगारदार डॉक्टरहि जाऊं शकत नाहीं.

अशा वेळीं, २०१५ सालीं, महाराष्ट्र सरकारनें १०, किंग हेन्रीज रोड हें घर ३० लाख पौंडांहून अधिक किंमतीस विकत घेतलें. बाबासाहेबांचें स्मारक म्हणून त्याचें उद्घाटन त्याच वर्षीं १४ नोव्हेंबरला पंतप्रधान नरेंद्र मोदी ह्यांच्या हस्तें झालें. छायाचित्रें, पुस्तकें, त्यांची खोली असें सर्व मांडलें गेलें, आणि लोक येऊं लागले. परंतु राहण्याच्या घराचें संग्रहालय करावयास नगरपालिकेची परवानगी लागते. तो अर्ज कॅम्डन नगरपालिकेनें २०१८ सालीं फेटाळला. कारण असें दिलें कीं त्यामुळें रहावयाच्या जागेंत घट होते. शेजाऱ्यांपैकीं कांहींनीं गर्दी व गोंगाट ह्यांची तक्रार केली होती.

ह्या तक्रारीविषयीं आमच्याकडे त्या वेळीं पुष्कळ संताप झाला. तो समजण्यासारखा आहे. परंतु वरील एक-दीड विटेची भिंत ध्यानांत घेतली तर शेजाऱ्याचें म्हणणें निव्वळ आकसाचें होतें असें आम्हांस म्हणवत नाहीं. जिन्यावरील प्रत्येक पाऊल त्याच्या दिवाणखान्यांत ऐकूं जातें. लंडनमध्यें रहावयाच्या जागांचा तुटवडा आहे हेंहि खोटें नव्हे. तथापि नियमाच्या भाषेंत आम्हांस जुन्या पट्ट्यांतील वाक्याचा आवाज येतो. खासगी राहण्याखेरीज दुसरा उपयोग नको, असें एकोणिसाव्या शतकांतील जमीनदार म्हणत होता. त्याची सत्ता गेली आणि तें वाक्य नगरपालिकेच्या मुखीं आलें. फरक एवढाच कीं जमीनदारास आपल्या किंमतीची चिंता होती, नगरपालिकेस बेघरांची आहे. ज्या कुटुंबासाठीं त्या नियमानें दार राखून ठेवावयाचें, त्यास तें घर परवडणार आहे काय, हा प्रश्न मात्र दोघांनींहि विचारलेला नाहीं.

महाराष्ट्र सरकारनें अपील केलें. सप्टेंबर २०१९ मध्यें जाहीर चौकशी सुरू झाली; दोन्ही बाजूंच्या वकिलांचीं भाषणें झालीं. प्रश्न असा होता कीं रांगेतील एक राहतें घर कमी होणें आणि बाबासाहेब राहिलेलें घर जगास दाखवितां येणें, ह्यांत जड पारडें कोणतें. चौकशी अधिकाऱ्यानें स्मारकाच्या बाजूनें शिफारस केली, आणि मंत्री रॉबर्ट जेनरिक ह्यांनीं मार्च २०२० मध्यें ती मान्य करून परवानगी दिली. त्याच महिन्याच्या २३ तारखेस करोनाच्या साथीमुळें सबंध इंग्लंडांत लोकांस घराबाहेर न पडण्याची आज्ञा झाली, आणि किंग हेन्रीज रोडवरील सर्व दारें, दहा नंबरच्या दारासकट, कांहीं काळ बंद राहिलीं.